साडेचोवीस वाजता

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, चादरी धुण्याच्या खोलीला लागून, संगणकाची खोली आहे. तिथे आत्याचं राज्य. ती कुणाची सख्खी आत्या नाही, पण अख्खं ऑफिस तिला तसंच हाक मारतं. नर्सच्या ड्युट्या तपासणारा प्रोग्राम तिचाच. मुलगी पाळण्यात असताना, एका हाताने दोरी ओढत तिने तो लिहिला होता. आता तो ज्या भाषेत होता ती भाषा नव्या यंत्रांवर चालेना.

साहेब म्हणाले, "शुक्रवारी नव्या भाषेत चालवून दाखवा. नाहीतर काम बाहेरच्या कंपनीला देऊ. तुम्हाला रेकॉर्डच्या खोलीत बसवू."

"बसवू म्हणे! मी काय फुलदाणी आहे?" साहेबांची पाठ वळताच आत्या पुटपुटली आणि कामाला लागली.

पन्नाशीनंतर नवी भाषा म्हणजे नव्या सासरी नांदणं. साखरेचा डबा कुठे ते ठाऊक नाही, चहा मात्र लगेच हवा. पहिल्याच दिवशी यंत्राने तिला ठणकावून सांगितलं की साडेनऊ दहाच्या नंतर वाजतात.

"अरे दाढी, हे बघ! याला घड्याळ कळत नाही."

शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला सहकारी खुर्चीसकट घरंगळत आला. "आत्या, तुम्ही वेळ नुसती अक्षरं म्हणून दिलीत. ते पहिलं अक्षर बघतं. नऊ मोठा, एक लहान. संपलं. आधी सांगा की ही वेळ आहे. त्यासाठी तयार सोय आहे ना."

"मग आधी बोलायला काय दाढी आडवी आली?"

तयार सोय वापरली आणि साडेनऊ गुमान दहाच्या आधी जाऊन बसले. आत्या खूश. बुधवारी तिने नर्सचा खरा तक्ता घातला, तर पडदा लालेलाल. एका वेळेपाशी सगळं अडलं होतं: २४:३०, म्हणजे मध्यरात्रीनंतरचे साडेबारा.

"अशी वेळच नसते," दाढी म्हणाला. "तक्ता लिहिणाऱ्यांना शून्य वाजून तीस लिहायला सांगा."

आत्या तडक ड्युट्या लावणाऱ्या मोठ्या सिस्टरांकडे गेली. सिस्टर सुया मोजत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"एकदा तसंही करून पाहिलं, आत्या. शून्य वाजून तीस लिहिलं की ते उद्याचं होतं. कुणीतरी ते उद्याच्या तक्त्यात टाकलं, आणि पोर वॉर्डात राबत असताना कागदावर घरी पोचली. सकाळी सातला पुन्हा हजर राहा म्हणून निरोप! चक्कर येऊन पडली बिचारी. तेव्हापासून ज्या दिवशी ड्युटी सुरू, त्याच दिवसात ती संपते. साडेचोवीस तर साडेचोवीस."

"बरोबर आहे तुमचं."

"मग तुमच्या यंत्राला सांगा."

आत्या परत आली आणि तयार सोय पुसायला लागली.

"अहो, काय करताय?" दाढी ओरडला. "दोन दिवस राहिलेत!"

"याला साडेचोवीस समजत नाहीत ना? मग घड्याळ नकोच. मिनिटं मोजू. तासाला साठने गुणायचं, वरची मिनिटं मिळवायची. दोन आकड्यांत मोठा कोण, हे तरी याला कळतं ना?"

"आणि उद्याची ड्युटी?"

"तिच्यात अख्ख्या दिवसाची मिनिटं जास्त. चल सरक, प्रकाश अडवू नकोस."

सोपं नव्हतं. कुणी तास-मिनिटांच्या मध्ये टिंब दिलेलं, कुणी जागा सोडलेली. प्रत्येक तऱ्हा ती वाचायला शिकवत गेली. जिथे अर्थच लागेना, तिथे प्रोग्रामने अंदाज करायचा नाही, विचारायचं, हे तिने ठरवून टाकलं. गुरुवारी डबाही उघडला नाही.

शुक्रवारी साहेब स्वतः खुर्चीत बसले. मागे सिस्टर, हाताची घडी घालून. साहेबांनी आज दुपारी साडेचारपासून साडेचोवीसपर्यंतची ड्युटी घातली, आणि त्याच नर्सला दुसऱ्या दिवशी सकाळी सात.

पडद्यावर आलं: विश्रांती साडेसहा तास. हवी दहा तास. ड्युटी देता येणार नाही.

"असं होय?" म्हणत साहेबांनी मुद्दाम चोवीस वाजून नव्वद मिनिटं घातली.

पडद्यावर आलं: ही वेळ समजली नाही. पुन्हा लिहा.

"माझ्यासारखाच आहे," सिस्टर म्हणाल्या. "भलतंसलतं ऐकून घेत नाही."

साहेब हसले नाहीत. त्यांनी आणखी चार ड्युट्या घालून पाहिल्या, मग फोन उचलला. "कंपनीला कळवा, नको म्हणून. हो, आमचं आमच्याकडेच झालं."

आत्याने खुर्ची पुढे ओढली. "साहेब, उठता का जरा? रजेचा हिशेब अजून जुन्याच भाषेत आहे. तोही घेते आता."