पितांबरची मेटॅडोर

पोलिसाचा हात वर दिसला की आमच्या पितांबरचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. लायसन होतं, परमिट होतं, हॉर्नसुद्धा वाजायचा. तरी खाकी कपडा दिसताच तो चोरासारखा खाली उतरायचा, टोपी काखेत मारायचा आणि हात जोडायचा. मी चिडवायचो, "अरे, बाप लागतो का तो तुझा?" तर म्हणायचा, "भाऊ, सडकवर तोच बाप शे." माझं पंक्चरचं दुकान एरंडोलला, त्याच्या घरासमोरच. म्हणून हा माणूस कसा बुडाला ते मी डोळ्यांनी पाहिलं.

यावल-चोपड्याकडून केळीचे घड भरायचे आणि धुळ्याला रतिलालशेठच्या वखारीत पिकायला टाकायचे, हा त्याचा धंदा. मेटॅडोर जुनी, पण स्वतःची. खाली केळीची पानं, त्यावर घड, वर पुन्हा पानं. एका घडाला ओरखडा लागू द्यायचा नाही. बायको बेबाबाई सणावाराला गाडीला हळदकुंकू लावायची. मूलबाळ नव्हतं, तेव्हा सगळे लाड त्या गाडीचेच.

अठ्ठ्याऐंशी सालचा श्रावण असेल. पारोळा ओलांडल्यावर एका फाट्यावर धनसिंग हवालदाराने हात दाखवला. पितांबर कागद घेऊन उतरला. हवालदाराने कागदांकडे बघितलंही नाही. लायसन तेवढं काढून खिशात टाकलं आणि काठीने रस्त्याकडेचा निंब दाखवला. ट्रकने उडवलेला एक म्हातारा तिथे मरून पडला होता. त्याच्याच धोतराचा सोगा कोणीतरी त्याच्या तोंडावर ओढला होता.

"टाक गाडीत. धुळ्याला सरकारी दवाखान्यात पोचव."

"साहेब, माल उपासना शे. श्रावण सोमवारनी केळी शेतस."

"मग? मुडदा खातोय का तुझी केळी? उचल. लायसन पाहिजे ना परत?"

पितांबरने घड एका बाजूला सरकवले, पानं अंथरली आणि म्हाताऱ्याला त्यावर निजवलं. स्वतःचा गमछा त्याच्या अंगावर घातला. मी असतो तर मनातल्या मनात हवालदाराच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. हा मात्र धुळ्यापर्यंत गाडी हळू चालवत गेला, म्हाताऱ्याला धक्के बसू नयेत म्हणून!

इथपर्यंत चूक पोलिसाची. पुढची पितांबरची. दवाखान्यात प्रेत उतरवायचं, गाडी धुवायची, माल वखारीत टाकायचा आणि गप्प बसायचं. कोणाला कळणार होतं? पण हा वखारीत गेला आणि शेठला सगळं सांगून मोकळा झाला. घरी आल्यावर मी त्याच्यावर खेकसलो, तर म्हणाला, "भाऊ, उपासनं फळ शे. लोके देवपुढे ठेवतीन. कसं सांगू नही?"

रतिलालशेठ वाईट माणूस नव्हता. त्याने हात जोडले, पण माल आत घेतला नाही. घड गुरांपुढे गेले. पुढच्या खेपेला म्हणाला, "पितांबर, तू माझा माणूस आहेस, पण मढ्याच्या गाडीतला माल म्हटल्यावर गिऱ्हाईक माझं ऐकणार नाही." दुसऱ्या वखारीत तो पोचायच्या आधी बातमी पोचली होती. धरणाला दार लावता येतं, लोकांच्या तोंडाला नाही.

धनसिंगला मात्र घबाड सापडलं होतं. मेलेल्याला हात लावायला कुरकुर न करणारा आणि भाडं न मागणारा गाडीवाला! रुळांवर कोणी सापडलं, विहिरीत कोणी तरंगलं, की याची मोटरसायकल आमच्या गल्लीत हजर. "चल रे." पितांबरने एकदा खरंच नाही म्हटलं, तर गाडी ठाण्याच्या आवारात पडून राहिली, टायर बसेपर्यंत. ते टायर नंतर मीच काढले. प्रेत उतरवलं की धनसिंग त्याच्या पाठीवर थाप मारायचा, "पुण्याचं काम आहे रे!" एवढं पुण्य होतं तर त्याने स्वतःच्या घरी का नाही नेलं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

केळी गेली. मग कापूस गेला, मग लग्नातली भांडी, शेवटी वीटभट्टीवालेसुद्धा नको म्हणाले. खेळता खेळता पोरं गाडीला शिवली तर आया त्यांना अंघोळ घालायच्या. गाडी विकायला काढली, तर लांबून आलेलं गिऱ्हाईक चहाच्या टपरीवर दोन गोष्टी ऐकून तिथूनच परत गेलं. पितांबर ओट्यावर बसून राहायचा. "भाऊ, मी कोनं काय बिघाडं?" म्हणायचा. राग यायचा, पण रागाने कोणाची गाडी भरत नाही.

त्यातच बेबाबाईला छातीचं दुखणं लागलं. एका सकाळी तिला श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाला, ताबडतोब धुळ्याला हलवा. गल्लीतल्या रुपचंदची जीप वऱ्हाड घेऊन गेलेली, आणि एसटीत तिला निजवून नेता आलं नसतं. मग पितांबरने मेटॅडोर काढली. आतून धुतली, गादी अंथरली, उशी ठेवली, गाडी मागे घेत घेत दाराशी लावली आणि मागचा फाळका खाली सोडला.

ही गाडी हल्ली एकाच कामाला निघते, हे गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं? शेजारची सुनंदाबाई पाणी घेऊन येत होती. तिने दाराला लागलेली गाडी पाहिली, आतली गादी पाहिली, पितांबरचा चेहरा पाहिला. हातातली कळशी तिथेच टाकून तिने हंबरडा फोडला, "बेबा वं! माय वं! कशी चालनी गई वं!"

एक हंबरडा ऐकला की दुसरी कोणी विचारायला थांबत नाही. घराघरांतून बायका पदर तोंडाला लावून धावल्या. कोणी म्हणाली सोन्यासारखी होती, कोणी तिच्या हातच्या पुरणाच्या मांड्यांची आठवण काढून रडायला लागली. पुरुष ओट्यावर टेकले. एकजण बांबू आणायला निघालासुद्धा. मी घसा फोडून ओरडत होतो, "अहो, जिवंत आहे ती!" पण त्या कल्लोळात पंक्चरवाल्याचं कोण ऐकतो?

आत खाटेवर बेबाबाई शुद्धीवर होती. सगळं ऐकत होती. पितांबर उचलायला वाकला, तर तिने त्याचा हात बाजूला सारला.

"माले नही बसनं ह्या गाडीमा."

"अवं, दवाखानामा जानं शे."

"बठ्ठा लोके रडी ऱ्हायनात. आते कोठे जानं?"

आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. पितांबरने विनवण्या केल्या, तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मी दुसरी गाडी शोधायला स्टँडकडे पळालो. एक जीपवाला कसाबसा तयार झाला. त्याला घेऊन गल्लीत आलो, तोवर सगळं आटोपलं होतं.

बायका अजून ओट्यावरच बसल्या होत्या. आता खरंच रडायची वेळ होती, आणि एकीच्याही तोंडातून आवाज निघेना. आतून एकट्या पितांबरचा येत होता.