समाधान झालं, असं लिहून द्या

माझ्या जिभेला हाड नाही, हे कुवेतमधल्या खैतान भागातल्या आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्यात वाढले, त्यामुळे नियमावर बोट ठेवून भांडायची खोडच लागली. दवाखान्यांचं सामान मागवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी आयातीची कागदपत्रं बघते. तिथे ही खोड कामी येते, असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं.

कुवेतमध्येच जहरा नावाच्या गावात आमच्या ओळखीचे एक काका आहेत. मूळचे रत्नागिरीचे, किराणा दुकान सांभाळतात, आणि डायलिसिसवर आहेत. डायलिसिसचा नेहमीचा फिल्टर त्यांना सोसत नाही. लावला की अंगभर खाज सुटते, दम लागतो, रक्तदाब खाली येतो. त्यांना वाफेने निर्जंतुक केलेला वेगळा फिल्टर लागतो, आणि तो इथे फक्त आमची कंपनी आणते. तो मिळत राहिला तर काका इथे राहणार, नाहीतर त्यांना देश सोडावा लागणार. मुलगी इथे नर्स, नात इथल्या शाळेत. गावच्या घराला कुलूप.

मागच्या उन्हाळ्यात शुऐबा बंदरात आमचा माल अडला. तपासणी खातं म्हणालं, फिल्टरची चाचणी इथे पुन्हा करा. आता, आखाती देशांनी मिळून केलेला नियम स्वच्छ आहे: एका देशाने तपासून पास केलेला माल बाकीच्यांनी पुन्हा तपासायचा नाही. आमचा माल शेजारच्या देशात पास झालेला. पुन्हा चाचणी म्हणजे नमुने परदेशी जाणार आणि महिने मोडणार. म्हटलं, बघतेच आता. या सगळ्या देशांचं जे सामाईक कार्यालय आहे, तिथे मी थेट तक्रार ठोकली.

मला वाटलं, आता खटला उभा राहील, निकाल लागेल. कसलं काय. तिथल्या अधिकाऱ्याचा फोन आला, फार अदबीने बोलला. "मॅडम, आम्ही कुठल्या देशाला कोर्टात खेचत नाही. तुमचं म्हणणं त्यांना कळवतो, त्यांचं ऐकून घेतो. बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं."

"आणि नियमाचं काय?"

"नियम आहेच की," तो म्हणाला.

इकडे आमचे कुवेती साहेब दिवानियात जाऊन आले. दिवानिया म्हणजे घरातली पुरुषांची बैठक. संध्याकाळी लोक जमतात, कॉफी पितात, आणि निम्म्या गावाचे तंटे तिथेच मिटतात. बाईमाणसाचं तिथे काम नाही. सकाळी साहेब खुशीत होते. माल सुटणार, खात्यातल्या बड्या माणसाने शब्द दिलाय. मी फक्त तक्रार मिटवायची, समाधान झालं असं लिहून द्यायचं.

"मग त्यांनीही लिहून द्यावं," मी म्हटलं, "की पुढच्या वेळी चाचणी मागणार नाही."

साहेबांचा चेहरा पडला. "कॉफी पिऊन उठताना कोणी यजमानाकडे पावती मागतं का? तू कागद मागितलास की त्यांची चूक होती असं ठरतं. मग माल बसला तिथेच."

मी दिवसभर चडफडत राहिले. संध्याकाळी काकांच्या मुलीचा फोन आला. शेवटचं खोकं उघडलं होतं. ती रडली नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, "ताई, कधी येईल हो?" मी लिहून दिलं, समाधान झालं. इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

माल आला. काकांनी दुकानातून कोकमं पाठवली. मी ती आमटीत घातली आणि नवऱ्याला म्हटलं, सुटलो एकदाचे.

थंडीत पुढचा माल अडला. तेच बंदर, तेच कारण. शब्द देणारे गृहस्थ बदलून गेले होते, नव्या साहेबाला कशाची गंधवार्ता नाही, आणि त्याच्यापुढे धरायला माझ्याकडे कागदाचा कपटा नाही. आमच्या साहेबांची त्याच्याशी ऊठबसही नव्हती. मी सामाईक कार्यालयाला फोन लावला. तोच अदबीचा आवाज.

"मॅडम, ते प्रकरण मिटलंय. आमच्या दप्तरी कुवेत हा नियम पाळतं. तुम्हीच तसं लिहिलंय. नवी तक्रार करा, आम्ही पुन्हा विचारू."

नवी तक्रार त्याच दिवशी केली. उत्तर अजून यायचंय. तोवर डॉक्टरांनी काकांना इंजेक्शनं देऊन नेहमीचा फिल्टर लावून पाहिला, आणि दुसऱ्या खेपेला घाबरून अर्ध्यात काढला. मुंबईत हवा तो फिल्टर मिळतो. मुंबईत त्यांच्या ओळखीचं कुत्रंही नाही, पण तिकीट काढलं.

निघायच्या दिवशी मी जहराला गेले. काकांनी मला पाहून हातच जोडले. "तू लिहून दिलंस म्हणून एवढे महिने तरी पोरींजवळ काढले गो," म्हणाले. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नात दाराशी उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बट आंटी, यू फिक्स्ड इट, नो?"

मी तिच्या आजोबांची बॅग उचलली आणि गाडीत नेऊन ठेवली.