पुढच्या मॉडेलात येईल

कुठल्याही नव्या यंत्राचं खोकं उघडलं, की नाना आधी त्यात नाक घालत. थर्माकोलचे पांढरे कण मिशीला चिकटायचे. मग डोकं बाहेर काढून ते आजूबाजूच्यांना म्हणत, "घ्या, वास घ्या. हा वास एकदाच येतो." आणि आम्ही शेजारीपाजारी ओळीने वाकून वास घ्यायचो. मी शाळामास्तरीण, वर्गात पोरांनी खोडरबर नाकाला लावलं तरी डोळे वटारणारी. पण नानांच्या खोक्यांपुढे मीही पुष्कळदा वाकले आहे.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. नवं काही निघालं की ज्याच्या पोटात अन्न ठरत नाही असा. आमच्या अमळनेरात तो मान नानांचा होता. ते एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे गाड्या लावायच्या, सोडायच्या आणि माईकवरून पुकारायच्या. गावात जे काही नवं यायचं ते बसच्या टपावरून उतरायचं, त्यामुळे कुणाकडे टीव्ही आला, कुणी मिक्सर मागवला, हे त्याच्या बायकोच्या आधी नानांना कळे. स्वतः विकत घेतलेल्या वस्तू थोड्याच. बाकीच्या दुसऱ्यांच्या घरी गेल्या, आणि नाना त्यांच्या मागोमाग गेले. घरभरणीला भटजी बोलवावा तसं लोक खोकं उघडायला नानांना बोलवत.

वास झाला की दुसरा विधी पुस्तकाचा. माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून मोठ्याने वाचल्याशिवाय ते बटणाला हात लावू देत नसत. इस्त्रीचं पुस्तकसुद्धा वाचायचे. आणि वस्तूत काही खोट निघाली, म्हणजे टीव्हीवर मुंग्या आल्या किंवा मिक्सरने चटणीऐवजी भिंत रंगवली, तर कंपनीला नाव ठेवलेलं त्यांना खपायचं नाही. मालकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "पुढच्या मॉडेलात येईल." पाऊस लांबला तरी तेच. माझ्या नवऱ्याच्या डोक्याला टक्कल पडायला लागलं तेव्हाही तेच.

मी लग्न होऊन त्या गल्लीत आले ती ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गल्ली स्टँडच्या अगदी पाठीमागे. स्टँडच्या कर्ण्यातून नानांचा आवाज दिवसभर आमच्या घरात असायचा. घरात साधं बोलणारे नाना माईकसमोर गेले की एकदम शुद्ध व्हायचे: "प्रवाशांनी लक्ष द्यावे. पारोळामार्गे भडगावकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे." दुपारची ही भडगाव गाडी सुटली की त्यांची पाळी संपे. आणि शेजारच्या घरात अक्का, म्हणजे त्यांची बायको, ही गाडी पुकारली की 'उनात' म्हणत, म्हणजे त्यांच्या बोलीत 'आले', आणि चुलीवर तवा ठेवत. नाना पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. सबंध गाव त्या आवाजावर गाड्या पकडत होतं आणि एक बाई भाकरी टाकत होती. मला नव्या नवरीला त्याचा फार हेवा वाटायचा. माझा नवरा कधी येईल हे त्याचं त्यालाही ठाऊक नसे.

नानांनी टेपरेकॉर्डर घेतला ती संध्याकाळ मला आठवते. वास झाला, पुस्तक झालं, खोली माणसांनी भरली. आवाज भरायचं लाल बटण दाबून कुणीतरी म्हणालं, "नाना, बोला काहीतरी." नाना खाकरले, ताठ बसले. पण काही सुचेना. शेवटी माईक समोर आला की जे तोंडात यायचं तेच आलं: "प्रवाशांनी लक्ष द्यावे. पारोळामार्गे भडगावकडे जाणारी गाडी..." आणि तेवढ्यात आतून खणकन आवाज आला. अक्कांनी सवयीने तवा ठेवला होता. आम्ही पोट धरून हसलो. अक्का पदर तोंडाला लावून दारात आल्या आणि म्हणाल्या, "मना काय दोष? गाडी लागनी ना!" ते सगळं त्या कॅसेटमध्ये भरलं गेलं. पुढे कितीतरी दिवस नाना आल्यागेल्याला ती ऐकवायचे.

त्यानंतर तीनेक वर्षांत अक्कांचे कान गेले.

एकदम नाही. आधी दारावरची कडी ऐकू येईना, मग कुकरची शिट्टी. मिक्सर चालू आहे की बंद हे त्या भांड्यावर तळहात ठेवून बघायला लागल्या. एक दिवस नाना दुपारी घरी आले तर चूल थंड आणि अक्का निवांत लसूण सोलत बसलेल्या. "गाडी नही लागनी का आज?" त्यांनी विचारलं. नानांनी स्वतः तवा ठेवला. हे मला अक्कांनीच सांगितलं, आणि सांगताना त्या रडल्या. "बठ्ठा गावले त्यास्ना आवाज ऐकू येस," म्हणाल्या, "मालेच नही."

तेव्हापासून नानांच्या नादाला एकच दिशा लागली. आधी ते नव्या वस्तूमागे नुसते हौसेने धावत. आता प्रत्येक खोक्यात ते अक्कांचे कान शोधायला लागले. टीव्हीचं पुस्तक वाचताना आवाजाचं पान दोनदा वाचायचे. जळगाव, धुळे, नाशिक, कुठल्याही गाडीच्या ड्रायव्हरला सांगून ठेवलेलं: दुकानात कानाचं काही नवं दिसलं तर पत्रक आणा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की शिरा सुकत चालल्या आहेत, फार आशा धरू नका. नाना दवाखान्याबाहेर येऊन मला म्हणाले, "मास्तरीणबाई, डॉक्टर जुन्या मॉडेलचं बोलताहेत."

अखेर धुळ्याहून कानाचं यंत्र आलं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, पोलक्याला अडकवायची, आणि तिच्यातून कानापर्यंत गेलेली वायर. त्या दिवशी नानांनी वास घेतला नाही. पुस्तकही नुसतं चाळलं. डबी लावली, चक्र फिरवलं आणि अक्कांसमोर बसून हळूच म्हणाले, "ऐकू येस का?" अक्कांनी मान हलवली. नाना उठून बाहेर आले, ओट्यावर उभे राहिले आणि उगाचच सगळ्या गल्लीला म्हणाले, "लागलं बरं का. स्टेशन लागलं."

आठवडाभराने खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, स्टँडवर गाड्यांना केळीचे खांब आणि झेंडूच्या माळा. नाना तर स्टँडवरच्या माईकलाही गंध लावायचे. घरी पाटावर सगळी यंत्रं ओळीने मांडत: रेडिओ, टेपरेकॉर्डर, इस्त्री, मिक्सर. त्या वर्षी सगळ्यांच्या मधोमध, विड्याच्या पानावर, ती डबी ठेवली. मानाची पाहुणी. तिला सर्वांत जास्त हळदकुंकू वाहिलं, आणि फुलाने पाणी शिंपडलं. डबीच्या तोंडावर आवाज आत जायला बारीक भोकं असतात. हळद, कुंकू आणि पाणी, तिन्ही त्या वाटेने आत गेलं.

डबी मुकी झाली. नाना ती घेऊन पुढच्या गाडीने जळगावला गेले. दुरुस्तीवाल्याने खोलली आणि बराच वेळ आत बघत बसला. "काका, हे पिवळं काय?" नानांनी सांगितलं. तो भला माणूस होता, हसला नाही. "हमी वर्षाची आहे," म्हणाला, "पण तिच्यात हळद बसत नाही." नाना परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. सगळ्या जगाची पुस्तकं वाचणाऱ्या माणसाने या एकाच डबीचं पुस्तक नीट वाचलं नव्हतं, आणि 'ओल लागू देऊ नये' हे त्याच्या दुसऱ्याच पानावर होतं.

आणि अक्का काय म्हणाल्या असतील? त्यांनी नानांच्या हातातली डबी काढून घेतली, पदराने पुसली आणि देवळीत ठेवली. "बरं झायं," म्हणाल्या. "त्यामा बठ्ठा गाव एकदम बोले. भांडा, कुत्रा, पोरं. तुम्हना आवाज मातर वळखूच नही ये." आठवडाभर त्या मान हलवत होत्या ती निव्वळ नवऱ्याचं मन राखायला. नाना सावकाश, तोंड नीट हलवून, त्यांना समजेल असं म्हणाले, "पुढलं मॉडेलमा ई." अक्कांनी पुन्हा मान हलवली.

निवृत्तीनंतर नाना कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. तेलमिलच्या रस्त्याला एका माडीवर क्लास निघाला होता. चपला बाहेर, पडदे बंद, आत थंड हवा, आणि कॉलेजच्या पोरींच्या रांगेत धोतर नेसलेले नाना. त्यांना हिशेब नको होते की खेळ नको होते. मराठी अक्षरं उमटवणारं सॉफ्टवेअर आलंय एवढं त्यांनी ऐकलं होतं. अक्कांना चौथीपर्यंतचं वाचता यायचं. नानांनी विचार केला, कान गेले तर गेले, डोळे आहेत.

एकेक कळ शोधत ते वाक्य जुळवायचे आणि छापून घरी आणायचे. छपाईयंत्र करवतीसारखं किरकिरायचं. पहिल्या कागदावर होतं: "आज भरीत कर." अक्कांनी चष्मा लावून वाचलं आणि ओरडल्या, "एवढं सांगाले गावमा गया व्हतात? हात करीसन सांगतात तं!" पुढे सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती आली. त्यात अक्षर तळहाताएवढं मोठं करता येतं म्हणून नाना मला सांगायला रस्त्यात धावत आले. धोतराचा सोगा एका हातात, फ्लॉपी दुसऱ्या हातात. तिला त्यांनी खडीसाखरेसारखं जपून रुमालात बांधलं होतं, आणि यावेळी हळदीकुंकवाच्या आसपास फिरकू दिलं नाही. मोठ्या अक्षरातला कागद बघून अक्का म्हणाल्या, "मना डोया चांगला शेतस. कान गया शेतस." त्या घरातलं भांडण गल्लीला एकाच बाजूने ऐकू यायचं, कारण दुसरी बाजू छापील असे.

आम्ही हसायचो. मीही हसायचे. पण मला एक गोष्ट दिसत होती. त्या कागदांवर काम असे, निरोप असे, थट्टाही असे. आवाज मात्र नसे. आणि नानांनाही ते दिसत होतं. एकदा ओट्यावर बसून म्हणाले, "अक्षर कितीही मोठं केलं ना मास्तरीणबाई, तरी ते माझ्या आवाजात वाचलं जात नाही." मग लगेच स्वतःलाच समजावल्यासारखं, "कानाच्या आत बसणारं यंत्र निघतंय म्हणे. वायर नाही. गोंगाट वेगळा, माणसाचा आवाज वेगळा करतं. पुढच्या वर्षी येईल. तुम्हीपण लक्ष ठेवा, आलं की सांगा."

पुढचं वर्ष नानांना मिळालं नाही. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपले. त्यांना न्यायला निम्मं एसटी स्टँड आलं होतं. दुपारी भडगावची गाडी नव्या पोराने पुकारली आणि गल्लीतल्या बायका पुन्हा रडायला लागल्या. अक्का सगळ्यांकडे बघत होत्या. त्यांना कळेना, आता एकदम काय झालं.

काही महिन्यांनी मी कामासाठी धुळ्याला गेले होते. तिथे एका दुकानाच्या काचेत नानांनी सांगितलं होतं अगदी तसं यंत्र दिसलं. शेंगदाण्याएवढं, वायर नाही. मी पत्रक घेतलं, चौकशी केली, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून दुपारीच अक्कांकडे गेले. त्या भिंतीशी बसल्या होत्या. मी शाळेची पाटी नेली होती. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: नाना म्हणत होते ते मशीन आलं आहे.

अक्कांनी वाचलं. पत्रकावरचं चित्र बोटाने चाचपलं. मला वाटलं, आता डोळ्याला पदर लावतील. पण त्या हसल्या.

"यामा बठ्ठं ऐकू येई," म्हणाल्या. "पन ते कोठून येतीन?"

मग त्यांनी माझा हात धरला आणि शेजारच्या टेपरेकॉर्डरवर, आवाजाच्या जाळीवर, तळहात टेकवून ठेवला. त्यावर आपला हात ठेवला. दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

तळव्याखाली जाळी थरथरली. खाकरणं. थोडं थांबणं. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. पारोळामार्गे भडगावकडे जाणारी गाडी..." मला नाना ऐकू येत होते, आमचं सगळ्यांचं तरुण हसू ऐकू येत होतं, आतून आलेला तव्याचा आवाज ऐकू येत होता. अक्कांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या आणि थरथर कुठे वाढते, कुठे थांबते, ते त्यांच्या बोटांना पाठ होतं.

जाळी थांबली. अक्कांनी माझ्या हातावरचा हात काढला.

"उनात," त्या म्हणाल्या, आणि तवा ठेवायला उठल्या.