दोन शब्दांमधली जागा

माझा स्वभाव घाईचा. दुसरी पोळी ताटात पडायच्या आत मी हात धुवायला उठतो, असं घरचे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. नेरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी शटर अर्धं ओढून आम्ही चौघे मित्र एक बिनपगारी काम करतो. पाढे, चित्रकला, टायपिंग असे मुक्त सॉफ्टवेअरचे खेळ जमवायचे आणि एका पेनड्राइव्हमध्ये असे बसवायचे, की इंटरनेट नसलेल्या शाळेतल्या जुन्यापान्या कॉम्प्युटरवरही ते एका बटणात चढतील.

आमच्यासारखीच तीन शिक्षकांची एक चमू घाटंजीला आहे. त्यातल्या बाई कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, म्हणजे पोडावर, शिकवतात. त्यांच्या पहिलीत एक पोरगी होती. घरी कोलामीत बडबड करायची, पण दिवाळी झाली तरी वर्गात तिने तोंड उघडलं नव्हतं. म्हणून बाईंनी पोडावरच्या एका म्हाताऱ्या बाईच्या आवाजात कोलामी शब्द रेकॉर्ड केले. चित्र दिसेल, म्हातारी शब्द म्हणेल, पुढच्या शब्दाला पुढचं चित्र, असा खेळ.

"दादा, हे तुमच्या पेनड्राइव्हमंदी बसवून द्या," बाई फोनवर म्हणाल्या. "या पोरीले बोलतं करायचं हाय मले."

फाइल आली ती भलीमोठी. ऐकली तर प्रत्येक शब्दानंतर नुसती शांतता. मध्येच कोंबडी, कुणाचं तरी खोकणं. मी कपाळाला हात लावला. शांतता आपोआप कापणारी एक सोय आमच्याकडे आहे, ती चालवली. दोन मिनिटांत फाइल निम्म्यावर आली. घाटंजीला विचारायचं मला सुचलंही नाही. उलट खेळ बसवून पेनड्राइव्ह पाठवताना मी स्वतःवरच खूश होतो.

आठ दिवसांनी बाईंचा फोन आला. "दादा, पोरगी बोलत नाही. कॉम्प्युटर लय घाई करून राह्यला."

"कॉम्प्युटर कायले घाई करन? तुमाले चालवता येत नसन," मी फटकन बोललो.

"एकदा येऊन पाहा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी दुकान बंद ठेवून, दोन बस बदलून, धुसफुसतच मी गेलो. पोरगी कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडद्यावर बकरी आली. म्हातारीने शब्द म्हटला. पोरीने बकरीकडे पाहिलं, श्वास घेतला, ओठ उघडले, आणि तेवढ्यात बैल आला. ओठ मिटले. बैलालाही तेच. विहिरीला तर तिने ओठही उघडले नाहीत.

"त्या आजी शब्द म्हनत अन् पोराईकडं पाहत थांबत," बाई हळूच म्हणाल्या. "पोरं म्हनत नाही तोवर पुढचा शब्द नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जी जागा मी फालतू म्हणून कापली होती, ती त्या पोरीची होती. मी बाईंची माफी मागितली. मूळ फाइल मी तर उडवून टाकली होती. नशीब, ती बाईंच्या मोबाइलमध्ये शिल्लक होती. तिथेच बसून ती पुन्हा चढवली.

पुन्हा बकरी आली. शब्द झाला. मग शांतता. मला ती सोसेना. "बोल ना बाळा," असं म्हणायला मी तोंड उघडलं, तर बाईंनी हातानेच मला थांबवलं. कोंबडी कलकलली. कुणीतरी खोकलं. आणि पोरीने शब्द म्हटला, अगदी हळू. मग बैल, मग विहीर. बाईंनी पदराने डोळे पुसले.

आता दोन्ही चमूंचं ठरलं आहे, एकमेकांना विचारल्याशिवाय काही कापायचं नाही. पण त्या दिवशीची गोष्ट अजून थोडी राहिली. चित्रं संपल्यावर पोरगी माझ्याकडे वळली. पडद्यावरच्या बकरीवर बोट ठेवून तिने तो शब्द म्हटला आणि माझ्या तोंडाकडे पाहत थांबली. मला उमजायला वेळ लागला. ती थांबूनच होती. मग मी तो शब्द म्हटला.