कुरखेड्याची एका घरापुरती लाइट

"सर, लाइट गेली."

डॉक्टर वसावे मॅडमचा फोन. मी तेव्हा सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये उभा होतो आणि समोरच्या पॅनलवर एकामागून एक फीडर ट्रिप होत होते. मे महिन्यातली दुपार, पण धुळीनं बाहेर अंधारून आलं होतं. पलीकडच्या गोठ्याचा पत्रा उडून आमच्या कंपाउंडमध्ये येऊन पडला होता.

"मॅडम, अर्ध्या तालुक्याची गेलीय."

"मला कुरखेड्याचं सांगा. सुनंदाचं मशीन इन्व्हर्टरवर आहे. बॅटरी जुनी आहे, फार तर तीन तास. आणि मी तिथे नाही. दवाखान्याच्या फाटकातच निंब आडवा झालाय, माझी गाडी निघत नाही."

मी नरडाण्याच्या बाजूला वीज कंपनीत सहायक अभियंता होतो. सबस्टेशनमधून गावागावांकडे ज्या मोठ्या लाइन निघतात त्यांना आम्ही फीडर म्हणतो. एका फीडरवर पाच-सात गावं असतात. कुठेही तार तुटली, की सबस्टेशनमधला ब्रेकर आपोआप पडतो आणि सगळी गावं बंद होतात. हे ट्रिप होणं. कुरखेडे आमच्या फीडरचं शेवटचं टोक. वादळात सगळ्यांत आधी जाणारं आणि सगळ्यांत शेवटी येणारं गाव.

सुनंदा कोण, ते सांगतो. ती गावच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. एक दिवस पायाला मुंग्या आल्या, दोन दिवसांत पाय उचलेनात, आठवड्यात छाती थांबायला आली. जीबीएस नावाचा आजार. मॅडमनी मला माझ्या भाषेत समजावलं होतं, "तुमच्या वायरवरचं कव्हर सोललं तर काय होईल? नसांवरचं कव्हर शरीरानंच सोललंय. ते परत येतं, पण महिने लागतात. तोवर श्वास मशीननं द्यायचा." धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात ती बरेच महिने होती. मग गळ्यात नळी असलेली सुनंदा आणि एका संस्थेनं वापरायला दिलेलं छोटं व्हेंटिलेटर असं दोन्ही घरी आलं. अशा पेशंटला खेड्यात पाठवणं मॅडमना पसंत नव्हतं. पण पाठवल्यावर त्यांनी हात झटकले नाहीत. त्यांनी बैठक बोलावली.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यातली ती बैठक मी विसरलेलो नाही. सरपंच नाना होते, अंगणवाडी सेविका मंगलाअक्का होत्या, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर होता, वनखात्याचे वनपाल होते आणि मी. अशा बैठकांत प्रत्येक जण आपलं खातं काय काय करणार ते सांगतो आणि चहा पिऊन उठतो. मॅडमनी उलटं विचारलं.

"तुम्ही काय करू शकणार नाही, तेवढंच सांगा."

 मी म्हणालो, "लाइट जाणार नाही असं मी सांगू शकत नाही. वादळात जाणारच."

नाना म्हणाले, "ग्रामपंचायतीचा इन्व्हर्टर देतो. नवीन बॅटरी लगेच नाही देता येणार."

ड्रायव्हर म्हणाला, "नाल्याचा रस्ता बंद झाला, तर गाडी अलीकडेच थांबेल."

वनपाल म्हणाले, "माणसं आणि करवत आहे. पण आम्हाला कुणी कळवलं तर येणार ना?"

शेवटी मंगलाअक्का म्हणाल्या, "मी एकटी पुरणार नाही. गटातल्या बायांना शिकवा."

मॅडमनी शिकवलं. अंबू बॅग म्हणजे नारळाएवढा रबरी फुगा. तो गळ्यातल्या नळीला लावायचा. दाबला की हवा छातीत जाते, सोडला की छाती आपोआप हवा बाहेर टाकते. दाबायचं, सोडायचं, तीन मोजायचे, पुन्हा दाबायचं. जोरात नाही, घाईनं नाही आणि थांबायचं तर मुळीच नाही. बचत गटातल्या बायका आधी उशीवर शिकल्या, मग मॅडमच्या देखरेखीखाली सुनंदावर. दर आठवड्याला सराव. मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं होतं.

आता वादळाच्या दिवशी परत येतो.

वारा आणि मागून आलेला पाऊस उतरल्या उतरल्या माझा वायरमन भिकनभाऊ मोटरसायकलवर लाइन बघायला गेला. त्याचा फोन आला.

"साहेब, फीडरला काही राह्यलं नाही. मोठ्या वळणापासून पुढे खांबच खांब आडवे."

"आज उभे होतील?"

"आज? उद्या संध्याकाळी झाले तरी नशीब."

तेवढ्यात नानांचा फोन आला. इन्व्हर्टरची बॅटरी उतरली म्हणून कुणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी जोडायला गेलं. घाईत उलटी जोडली गेली. इन्व्हर्टर जळाला. गावात एकच जनरेटर, मंडपवाल्याचा, तो लग्नाला दुसऱ्या तालुक्यात गेलेला.

"मग आता?" मी विचारलं.

"आता बाया फुगा दाबी राहिन्यात," नाना म्हणाले. ऑफिसच्या माणसाशी नेहमी साफ मराठीत बोलणारे नाना अहिराणीवर आले, त्यावरून मला काय ते कळलं.

डोक्यात एकच वाट होती. कुरखेड्याच्या दुसऱ्या अंगाला, नाल्यापलीकडे, एक ऑइल मिल आहे. तिला एक्स्प्रेस फीडर आहे, म्हणजे सबस्टेशनमधून थेट त्या कारखान्यासाठीच गेलेली लाइन. ती वादळातून वाचली होती. मिल आणि गाव यांच्यामध्ये शेतीची एक जुनी लाइन होती. कित्येक वर्षं बंद, पण खांब उभे, तार बऱ्यापैकी शाबूत. ती दोन्हीकडून जोडली, तर कुरखेड्याला उलट्या बाजूनं वीज देता येणार होती.

मी धुळ्याला साहेबांना फोन लावला. आमचे कार्यकारी अभियंता. माणूस नियमाचा.

"एक्स्प्रेस फीडरवर गावठाण? उद्या मला विचारतील."

"साहेब, मला आत्ताच विचारतायत."

"जुनी तार गावाचा लोड घेईल का?"

"नाही घेणार. गाव बंद ठेवायचं. फक्त एक घर चालू."

"लाइट आल्यावर मे महिन्यात पंखा बंद ठेवणारं गाव दाखवा मला."

 मी म्हणालो, "नाना बघतील."

साहेब म्हणाले, "मिल बंद केल्याशिवाय जोडता येणार नाही. शेठना विचारा. ते हो म्हणाले तर करा. लेखी मी बघतो."

मिलचे शेठ मूळचे राजस्थानकडचे, आता तिसरी पिढी इथे. मी कारण सांगायला सुरुवात केली, त्यांनी मध्येच विचारलं, "शाळेत खिचडी करायची ती सुनंदा?"

"हो."

"किती वेळ बंद ठेवू ते सांगू नका. झालं की कळवा."

आता अडचण झाडांची. जुन्या लाइनवर दोन बाभळी पडल्या होत्या. वनपाल माणसं आणि पेट्रोलची करवत घेऊन आले होते, पण ते नाल्याच्या रस्त्यावरचं झाड कापत होते, कारण झाडाच्या पलीकडे रुग्णवाहिका उभी होती. रस्ता आधी की लाइन आधी? हा निर्णय माझा नव्हता. मी मॅडमना विचारलं. त्या एव्हाना कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून शेतातून निघाल्या होत्या.

"लाइन आधी," त्या म्हणाल्या. "तिला हलवण्यात धोका जास्त आहे. गाडीत घेताना, खड्ड्यात, नळी निसटली तर संपलं. ती आहे तिथेच राहू दे."

"बाया तोवर टिकतील?"

ट्रॅक्टरच्या आवाजावर आवाज चढवून त्या म्हणाल्या, "शिकवलंय मी त्यांना."

वनपालांनी करवत लाइनकडे वळवली. नानांनी जेसीबी पाठवला. भिकनभाऊनं मिलच्या टोकाला एलसी घेतलं. एलसी म्हणजे सबस्टेशननं दिलेली हमी, की काम करणाऱ्या माणसाच्या हातात असताना तारेत वीज सोडली जाणार नाही. मी शेतातून गावाच्या टोकाला गेलो. तिथे तुटलेल्या फीडरपासून गाव आधी वेगळं करणं भाग होतं, नाहीतर आमचीच वीज शेतात पडलेल्या तारांमध्ये गेली असती आणि एखादा माणूस किंवा बैल मेला असता. खांबावर दोन लाइन जोडणारे तारेचे तुकडे, म्हणजे जंपर, काढले, तार जमिनीला जोडून अर्थिंग केलं, दोनदा तपासलं.

तिथून सुनंदाचं घर हाकेच्या अंतरावर. मी दारात गेलो आणि तिथेच थांबलो.

ओसरीत, अंगणात, गल्लीत बायका बसल्या होत्या. वीस तरी असतील. आवाज नव्हता. आत खाटेवर सुनंदा, डोळे उघडे. तिच्या उशाशी एक बाई बसून फुगा दाबत होती आणि मंगलाअक्का शेजारी उभ्या राहून हलक्या आवाजात मोजत होत्या. छाती वर येत होती, खाली जात होती. घाई नाही, धांदल नाही. दाबणाऱ्या बाईचं मनगट भरून आलं, तशी मागची पुढे सरकली. पहिलीच्या हातावर तिनं आपला हात ठेवला, दोन श्वास दोघींनी मिळून दाबले, आणि पहिली अलगद उठली. एकही श्वास चुकला नाही. उठलेली बाई गल्लीच्या शेवटी जाऊन पुन्हा बसली, तिची पाळी परत येईपर्यंत.

पायाशी बसलेली एक म्हातारी सुनंदाशी बोलत होती. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाचा पत्रा कुठे उडाला. मशीन नाही याची भीती सुनंदाच्या डोळ्यांत होती, पण ती ऐकत होती.

मी काहीतरी धीराचं बोलायला पुढे झालो.

"साहेब," मंगलाअक्का मान न वळवता म्हणाल्या, "आते हात बदलाना वखत शे. जरा बाजूले व्हा."

मी बाजूला झालो.

मी इंजिनिअर आहे. मी आयुष्यभर ज्या वस्तूच्या मागे धावलो ती वस्तू नसताना एक माणूस जिवंत होता आणि ते काम हातांनी चाललं होतं. 

मग बाहेर नानांचा आवाज आला. मंदिराचा भोंगा बंद, म्हणून ते आणि आणखी चौघं गल्लोगल्ली ओरडत फिरत होते.

"बठ्ठा जन आपापला मेन स्विच बंद ठेवा! लाइट येवाव शे, पन ती फक्त सुनंदाकरता शे!"

झाडं निघाली. भिकनभाऊनं तार सांधली. एव्हाना मॅडम चिखलानं भरलेल्या पोहोचल्या होत्या आणि थेट आत गेल्या होत्या. सगळी माणसं खांबांवरून उतरल्याची खात्री केली, अर्थिंग काढलं आणि मी सबस्टेशनला लाइन चार्ज करायला, म्हणजे वीज सोडायला, सांगितलं.

मी डीपीपाशी उभा होतो. डीपी म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर. वीज आली की एरवी तिथे काय होतं ते सांगतो. सगळ्यांची बटणं चालूच राहिलेली असतात, त्यामुळे पंखे, फ्रिज, टीव्ही, मोटारी सगळं एकदम ओढ घेतं आणि बऱ्याचदा फ्यूज उडतो. त्या दिवशी फ्यूजच नाही, सांधलेली तारही गेली असती. मी टाँग टेस्टर बाहेर काढला. हे चिमट्यासारखं यंत्र तारेभोवती धरलं, की किती करंट वाहतोय ते कळतं.

पहिली तार, शून्य. दुसरी तार, शून्य. तिसरीवर एक अँपिअरच्याही आत.

मला वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा धरलं. तोच आकडा. उकाड्यानं शर्ट पाठीला चिकटला होता. आजूबाजूला शेकडो घरं, प्रत्येक घरात पंखा, आणि कुरखेड्याच्या डीपीतून फक्त एक मशीन चालू होतं. मी भिकनभाऊला आकडा दाखवला. त्यानं बघितला आणि डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

घरातून मशीनचा बारीक टिकटिक आवाज यायला लागला. मॅडम दारात आल्या, पायरीवर बसल्या. आत बायकांचा हलका गलका झाला. कुणीतरी रडत होतं, कुणीतरी चहाला दूध आहे का विचारत होतं.

फीडर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उभा राहिला. तोवर गाव अंगणात झोपलं. सकाळी पुन्हा टाँग टेस्टर लावला, आकडा तसाच होता. मी नानांना विचारलं, "तुम्ही घराघरांचे फ्यूज काढून ठेवलेत का?"

"नाही हो," ते म्हणाले. "सांगितलं फक्त."

सुनंदाची नळी पुढच्या हिवाळ्यात निघाली. आता काठी घेऊन चालते. चुलीसमोर उभं राहवत नाही, म्हणून शाळेच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसते आणि नव्या बाईच्या खिचडीला नावं ठेवते. साहेबांना विचारणा झाली, त्यांनी उत्तर दिलं, आणि ती जुनी लाइन दुरुस्त होऊन कुरखेड्याची पर्यायी लाइन म्हणून नकाशावर आली.

माझी त्यानंतर पाचोऱ्याकडे बदली झाली. नव्या सबस्टेशनला रुजू झालो, की वायरमन लोकांना मी पहिल्याच दिवशी विचारतो, "या फीडरवर कुणाच्या घरी श्वासाचं मशीन आहे?" ते म्हणतात, "माहीत नाही साहेब." त्यांचं चुकत नाही. आमच्याकडे ग्राहकाचा मीटर असतो, ग्राहक नसतो. मग मी आरोग्याच्या कामासाठी गावात घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंना फोन करतो.