चूल म्या वर चढवली

बायांनो, आज डोणगावात माह्या चुलीचा बोभाटा झाला, तो माह्याच तोंडून ऐका.

सासूबाईनं जन्मभर जमिनीवर पाय दुमडून भाकरी केल्या अन् त्यांचे गुडघे गेले. आता भिंत धरल्याशिवाय उठणं नाही. ते भोग मले नको. म्हणून म्या कमरेइतका मातीचा ओटा घातला अन् आज चूल त्याच्यावर मांडली.

मामंजी कडाडले, "उभ्यानं केलेली भाकर या घरात कोणी खाणार नाही!"

म्या पदर सावरून विचारलं, "चूल खालीच पाहिजे, असा सरकारचा कायदा हाय काय?"

तेवढ्यात सासूबाई ओट्याजवळ आल्या. किती वर्षांनी त्यांनी स्वतः भाकर थापली, तीबी उभ्यानं. ताटात टाकून म्हणाल्या, "जेवा, नाहीतर राहा उपाशी."

मामंजींनी ताट पुढं ओढलं अन् भाकर खाल्ली.

सांगा बायांनो, तुमच्या घरची चूल कोणाच्या गुडघ्यांवर पेटून राह्यली?