फांद्यांच्या ढिगाशी

लोककथा गोळा करताना मी यादी ठेवते: कथा, सांगणारी व्यक्ती, प्रकार. धानोऱ्याकडच्या एका पायवाटेवर सुक्या फांद्यांचा ढीग होता. मोहफुलं वेचायला निघालेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यावर फांदी टाकली आणि सांगितलं, इथे वाघाने माणूस मारला. फांदी न टाकता जाणाऱ्याच्या मागे तो मेलेला माणूस घरापर्यंत येतो.

मी लिहिलं, ‘प्रकार : भूतकथा’.

“काय लिहून राह्यल्या बाई?”

“तुमची कथा. तो माणूस कोण होता, माहीत आहे?”

“माहा मालक. ही गोष्ट नाई, बाई. लोकाईच्या मागं फिरत राह्यला तं त्याले सुटका कशी भेटंन? म्हणून मी रोज फांदी टाकतो.”

परतताना गाडी दुसऱ्या रस्त्याने आली, तेव्हा आठवलं. मी फांदी टाकलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांना सांगितलं. त्या हसल्या. “मंग आला असंन तुमच्या संगं. भात जास्त लागते त्याले.”

‘प्रकार’ मी खोडला. नवं काही सुचलेलं नाही. कामांच्या यादीत सगळ्यात वर ‘फांदी’ आहे, आणि तोवर दार लावण्याआधी मी थोडी थांबते.